नववीपर्यंत हुशार होता

मनाचा आजार जडलेल्या तरुण मुलाला घेऊन आईवडील पहिल्यांदा डॉक्टरांसमोर बसतात, तेव्हा आजार कधी सुरू झाला हे ते तारखेत सांगत नाहीत, इयत्तेत सांगतात. "नववीपर्यंत हुशार होता हो, दहावीत कुठं बिनसलं ते कळलंच नाही." "अकरावीला सायन्स घेतलं आन् तिथून पोरीनं बोलणंच टाकलं." मराठवाड्यात ज्याच्या नात्यागोत्यात असा एक आजार आहे, त्याने हे वाक्य ऐकलेलं असतं. आजाराची पहिली खूण घरच्यांना शाळेच्या हिशेबात आठवते आणि त्यांची आठवण बहुतेक वेळा खरी असते. मात्र ते वाक्य उच्चारलं जातं तोवर तीन-चार वर्षं निघून गेलेली असतात. पोरगा घसरत होता तेव्हा ही घसरण कुणी तब्येतीची खूण म्हणून वाचली नाही. ती तशी वाचायला शिकलं पाहिजे आणि हे काम शाळेपासून सुरू झालं पाहिजे, एवढं एकच म्हणणं मला इथे मांडायचं आहे.

मुकुंदवाडीचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवतो. एके काळचं हे गाव आज छत्रपती संभाजीनगरच्या पोटात आहे. जालना रोड, रेल्वेचे रूळ आणि चिकलठाणा एमआयडीसी यांच्यामध्ये ही दाट वस्ती वसली आहे. मराठवाड्याच्या खेड्यांतून कामासाठी आलेली कितीतरी कुटुंबं इथे राहतात. बाप शिफ्टला, आई धुण्याभांड्याला किंवा बांधकामावर, अशा घरात पोराला रोज ठरलेल्या वेळी, समवयस्कांच्या शेजारी बसलेलं पाहणारं माणूस म्हणजे त्याचा वर्गशिक्षक. तोच आठवीतलं पोर आणि दहावीतलं तेच पोर शेजारी ठेवून पाहू शकतो. दवाखान्याला हे कधीच साधणार नाही, कारण दवाखान्यात माणूस आजारी पडल्यावर येतो.

शाळेतले गुण आणि पुढचे मानसिक आजार यांचा संबंध नीट मोजला गेला तो स्वीडनमध्ये. तिथे प्रत्येक नागरिकाची शाळेची आणि रुग्णालयाची नोंद एकमेकींशी जोडता येते. जेम्स मॅककेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ ते १९८३ या काळात जन्मलेल्या नऊ लाखांहून अधिक मुलांचे सोळाव्या वर्षीचे गुण घेतले आणि पुढे त्यांच्यापैकी कुणाला स्किझोफ्रेनियासारख्या आजारासाठी रुग्णालयात दाखल व्हावं लागलं ते पाहिलं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, सर्वांत खालच्या श्रेणीतल्या मुलांमध्ये स्किझोफ्रेनियाचं प्रमाण सरासरी मुलांच्या सुमारे चौपट निघालं. आईवडिलांचं शिक्षण आणि आर्थिक स्थिती हिशेबात धरूनही हा संबंध टिकला.

एवढंच वाचून थांबलो, तर "ढ पोरं वेडी होतात" असा घातक निष्कर्ष निघेल. त्याच गटाने २०१० साली दुसरा अभ्यास मांडला. सात लाखांहून अधिक मुलांच्या या अभ्यासात बायपोलर आजाराकडे, म्हणजे कधी टोकाचा उत्साह आणि कधी टोकाचं नैराश्य अशा आजाराकडे पाहिलं गेलं. इथे उत्कृष्ट गुण मिळवणाऱ्यांमध्ये धोका सरासरीच्या जवळजवळ चौपट आढळला, आणि अगदी कमी गुण मिळवणाऱ्यांमध्येही तो काहीसा वाढलेला होता. म्हणजे पहिल्या बाकावरचं पोरही सुरक्षित नाही. ज्याच्या गुणांकडे बघून घरचे निर्धास्त झोपतात, त्याच्या रात्री-रात्री न झोपण्याकडे "अभ्यास करतोय" म्हणून पाहिलं जातं. गुण म्हणजे मन शाबूत असल्याचा दाखला, हा समज आधी सोडला पाहिजे.

'चौपट' या शब्दाचंही वजन नीट पेललं पाहिजे. समजा, दर हजार मुलांपैकी पाच जणांना पुढे स्किझोफ्रेनिया होतो. कमी गुणांच्या गटात ते वीस झाले, तरी उरलेल्या नऊशे ऐंशी मुलांना तो होत नाही. कमी गुणांवरून कुणा एका मुलाचं भविष्य सांगता येत नाही. कुणी तसं सांगू लागला, तर तो वीस मुलांना शोधण्याच्या नावाखाली नऊशे ऐंशी मुलांच्या कपाळावर शिक्का मारत असेल. वर्गातल्या मागच्या बाकावरच्या पोरांवर आधीच पुरेसे शिक्के आहेत.

मग या आकड्यांचा उपयोग काय? तो कळण्यासाठी हा संबंध कुठून येतो ते पाहावं लागेल. मला तीन वाटा दिसतात, आणि प्रत्येक वाटेवर करायचं काम वेगळं आहे.

पहिली वाट म्हणजे आजारच गुणांच्या मागे असतो. स्किझोफ्रेनिया एका रात्रीत येत नाही. आवाज ऐकू येणं, संशय घेणं ही ठळक लक्षणं दिसण्याआधी कित्येक महिने, कधी कित्येक वर्षं, लक्ष लागत नाही, वाचलेलं डोक्यात राहत नाही, बोलण्यातला धागा सुटतो, मित्र नकोसे होतात. परीक्षेतही नेमक्या याच गोष्टी लागतात. मॅककेब यांनी २०१३ मध्ये स्वीडनमधल्या दहा हजारांहून अधिक पुरुषांच्या तेराव्या आणि अठराव्या वर्षीच्या चाचण्यांची तुलना केली. अठराव्या वर्षी भाषिक क्षमता किती होती, यापेक्षा तेरा ते अठरा या काळात ती बरोबरीच्यांच्या तुलनेत किती घसरली, यावरून पुढच्या आजाराचा अंदाज कितीतरी चांगला बांधता आला. माझ्या दृष्टीने या सगळ्या संशोधनाचं सार इथे आहे. पोराची पातळी कोणती, यापेक्षा ते स्वतःच्या पातळीवरून किती खाली आलं, हे महत्त्वाचं. कायम चाळीस टक्के मिळवणारं पोर आणि पंच्याहत्तरवरून पंचेचाळीसवर आलेलं पोर निकालपत्रकात शेजारी-शेजारी बसतात, पण त्यांची गोष्ट एक नाही.

दुसऱ्या वाटेवर गुण आणि आजार ही एकाच कारणाची दोन फळं असतात. गर्भारपणातलं कुपोषण, बाळंतपणातली गुंतागुंत, घरातली मारहाण, दारू, सततची असुरक्षितता यांचा मार मेंदूवरही बसतो आणि अभ्यासावरही. २०१९ च्या पावसाळ्यात मुकुंदवाडीची मुलं रिकामी भांडी घेऊन रेल्वेने काही किलोमीटर लांब पाणी आणायला जात असल्याची बातमी जगभर छापली गेली. त्या मुलांचे शाळेनंतरचे तास असे पाण्यापायी जात होते. जून २०२५ मध्ये महापालिकेने याच भागातली जालना रोडलगतची बांधकामं पाडली. बांधकाम अधिकृत की अनधिकृत हा वाद आपल्या जागी असू द्या, पण ज्या घराची भिंत किंवा ज्या बापाची टपरी जाते, त्या घरातल्या दहावीच्या पोराचं वर्षही त्यासोबत हलतं. अशा मुलाचे गुण घसरले, तर समुपदेशनाआधी त्याला पाणी, निवारा आणि घरात नियमित मिळकत हवी. मानसिक आरोग्याची चर्चा या गोष्टी वगळून करणं अप्रामाणिकपणाचं होईल.

तिसरी वाट सर्वांत दुखरी आहे. कमी गुण स्वतःच माणसाला आजाराकडे ढकलतात. नापास झालं की घरातलं स्थान बदलतं, चारचौघांत नाव घेणं बंद होतं, मित्र पुढे जातात. मुलगा मिळेल त्या कामाला लागतो किंवा घरी बसतो. सतराव्या वर्षी बेकार आणि एकटं असणं नैराश्याला आणि नशेला दार उघडून देतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशात त्या वर्षी १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यांपैकी १,७६४ एकट्या महाराष्ट्रातल्या होत्या, सर्व राज्यांत सर्वाधिक. प्रत्येक आत्महत्येमागे निकालच होता असं नाही. पण ज्या राज्यात असे आकडे येतात, तिथे निकाल ही पोराच्या जिवाशी संबंधित गोष्ट मानूनच हाताळायला हवी.

मुलींच्या बाबतीत ही तिसरी वाट वेगळ्या दिशेने जाते, आणि तिच्याबद्दल आपण जवळजवळ बोलतच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठरा वर्षांच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के होतं. परभणीत ते ४८ टक्के आणि बीडमध्ये ४३.७ टक्के होतं. मुलाचे गुण घसरले तर क्लास लावतात. मुलीचे घसरले की "शिकून काय दिवे लावणार" म्हणत स्थळ बघायला घेतात. त्या घसरणीमागे येऊ घातलेला आजार असेल, तर तो सासरी जाऊन उघडा पडतो. माहेरच्यांनी लपवलं, असा आरोप होतो. हिंदू विवाह कायद्यात मानसिक विकार हा काही अटींवर घटस्फोटाचा आधार आहे, तेव्हा प्रकरण कोर्टातही जातं. नववीत जी गोष्ट तब्येतीची होती, ती विसाव्या वर्षी चारित्र्याची आणि फसवणुकीची होऊन बसते. त्या मुलीचं दुखणं कुणीच विचारलेलं नसतं.

स्वीडनचे निष्कर्ष उचलून इथे जसेच्या तसे ठेवता येणार नाहीत, हेही मान्य करतो. तिथे जवळजवळ प्रत्येक मूल सोळाव्या वर्षापर्यंत शाळेत असतं. इथे सर्वांत बिकट अवस्थेतली मुलं पटावरूनच गळतात, त्यांचे गुण कुठेच नसतात. इथला दहावीचा निकालही फार कमी सांगतो. २०२५ मध्ये राज्य मंडळाचा निकाल ९४.१० टक्के लागला. अंतर्गत गुणांमुळे घसरलेलं पोरही बऱ्याचदा पार होतं, आणि सहापैकी पाच विषयांचे सर्वोत्तम गुण धरण्याच्या सोयीमुळे टक्केवारीतही घसरण झाकली जाते. शिवाय मराठी माध्यमातून आलेलं मूल अकरावी सायन्सला इंग्रजीत शिकू लागलं की बऱ्याचदा गडगडतं, आणि त्यात आजार काहीच नसतो. म्हणून एका निकालावरून काही ठरवणं चूक आहे. सलग काही चाचण्या, हजेरी आणि वागणूक या तिन्ही गोष्टी एकत्र बघाव्या लागतात, आणि त्या फक्त शाळेच्या आत दिसतात.

घसरण सुरू झाल्यापासून डॉक्टरची पायरी चढेपर्यंत घरात काय होतं, ते आपण सगळे जाणतो. आधी ठपका मोबाइलवर येतो. मग संगतीवर, मग कुणाच्या प्रेमात पडल्याच्या संशयावर. मोबाइल काढून घेतला जातो, क्लास वाढवले जातात, काही घरांत मार बसतो. तरीही पोर सुधारत नाही आणि रात्री एकटंच पुटपुटायला लागतं, तेव्हा "बाहेरचं आहे" म्हणून देवऋषी गाठला जातो. यातला कुणीही पोराचा वैरी नसतो. आईबाप त्यांना ठाऊक असलेला प्रत्येक उपाय करत असतात. मात्र त्या उपायांच्या यादीत मानसोपचार सर्वांत शेवटी येतो आणि या आजारांत उशीर महाग पडतो. उपचाराविना जितका काळ जातो, तितकं पूर्ववत होणं कठीण, हे आता मानसोपचारशास्त्रात पक्कं झालेलं आहे. निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार आजार कोणता यावर अवलंबून ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराबाहेर होते. तेरा ते सतरा वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना मानसिक विकार होता. हे सर्वेक्षण बारा राज्यांत झालं आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता. आपल्या मुलांचा आकडा आपण त्या वेळी मोजलाच नाही.

सोयींचं चित्रही असंच विषम आहे. राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे आहेत, मराठवाड्यात एकही नाही. तरी मुकुंदवाडीच्या बाबतीत अंतर ही सबब चालत नाही. घाटी म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय याच शहरात आहे आणि तिथे मानसोपचार विभाग आहे. रिक्षाने गाठता येणाऱ्या त्या दारापर्यंत पोचायला घरांना वर्षं लागतात, कारण पोचायला सांगणारं विश्वासाचं माणूस मध्ये नसतं. ते माणूस म्हणजे शिक्षक असू शकतो.

मराठी सिनेमाने या प्रश्नाची दोन्ही टोकं आपल्याला दाखवली आहेत. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी २००२ मध्ये 'दहावी फ' केला. कमी गुणांची म्हणून एका तुकडीत कोंबलेली मुलं आणि त्यांच्यावर विश्वास टाकणारा शिक्षक यांची ती कथा. दोनच वर्षांनी याच जोडीने स्किझोफ्रेनियावर 'देवराई' केला. पहिल्यातला शिक्षक आणि दुसऱ्यातला रुग्ण, दोन्ही भूमिका अतुल कुलकर्णींनी केल्या. आपण हे दोन चित्रपट दोन वेगळ्या विषयांवरचे म्हणून पाहिले. मला त्यांच्यात एकच प्रश्न दिसतो. मागे पडणाऱ्या माणसाला समाज आधी तुकडी देतो, नंतर कोंडतो, आणि मध्ये त्याला काय होतंय हे विचारणारा एखादाच भेटतो. तो एखादा भेटणं नशिबावर न सोडता त्याची व्यवस्था करायची, हे आपलं काम आहे.

शिक्षकांचा आक्षेप मला माहीत आहे आणि तो रास्त आहे. मतदार याद्या, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं यांखाली ते दबलेले आहेत, त्यात आता मुलांची मनंही त्यांनीच तपासायची का? नाही. निदान करणं हे शिक्षकाचं काम नाहीच. घसरण हा ताप समजावा. ताप हा स्वतः रोग नव्हे, त्यामागे साधं कारण असू शकतं किंवा गंभीर, आणि आई थर्मामीटर लावते म्हणून ती डॉक्टर होत नाही. गुण घसरण्यामागेही कधी चष्म्याचा नंबर असतो, कधी कानाचा त्रास, कधी रक्तक्षय. पाचव्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पंधरा ते एकोणीस वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींना रक्तक्षय होता. कधी आधी लक्षात न आलेली अध्ययन अक्षमता असते, कधी घरातला अत्याचार. शिक्षकाने फक्त घसरण बघायची, मुलाला बाजूला घेऊन विचारायचं आणि पुढे पाठवायचं.

दुसरा आक्षेप शिक्क्याचा. एकदा मानसोपचाराकडे पाठवलेलं पोर कायमचं "मेंटल" ठरेल ही भीती खरी आहे. म्हणून यातली कोणतीही नोंद निकालपत्रकावर, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर किंवा सरकारी पोर्टलवर येता कामा नये. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार मिळण्याचा आणि माहिती गुप्त राहण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. संगणकाने गुण तपासून "धोक्यातल्या" मुलांच्या याद्या काढण्याला माझा ठाम विरोध राहील. यादी फुटते. वर्गशिक्षकाने एका मुलाशी केलेलं बोलणं त्या दोघांत राहू शकतं.

करायचं ते फार मोठं नाही. आठवीपासून प्रत्येक घटक चाचणी आणि सहामाहीनंतर वर्गशिक्षकाने मुलाची तुलना त्याच्याच आधीच्या गुणांशी करावी. मोठी घसरण, वाढती गैरहजेरी आणि बदललेलं वागणं यांपैकी दोन गोष्टी दिसल्या, की आधी मुलाशी एकट्याने बोलावं. मग घरी जावं, पालकांना शाळेत बोलावून सगळ्यांसमोर सुनावू नये. मग डोळे, कान, रक्त तपासून घ्यावं. तरी समाधान झालं नाही, तर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडे किंवा घाटीकडे पाठवावं. घरच्यांना लगेच तिथे जाणं जड वाटत असेल, तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा मोफत क्रमांक आहे. २०२२ पासून तो सुरू आहे आणि त्यावर मराठीत बोलता येतं. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, असे निर्देश दिले आहेत. गुणांनुसार मुलांच्या तुकड्या पाडू नयेत, त्यांना सर्वांसमोर अपमानित करू नये, हेही त्याच निर्देशांत आहे.

हे निर्देश कागदावर राहतात की वर्गात येतात, हे मुकुंदवाडीतल्या पालकांवर बरंच अवलंबून आहे. शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंतच्या सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती बंधनकारक केली आणि तिच्यातले किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत असं सांगितलं. पाण्यासाठी, रस्त्यासाठी भांडणारे हे पालक आहेत. त्यांनी समितीच्या पुढच्या बैठकीत दोन गोष्टी विचाराव्यात. आमच्या शाळेला समुपदेशक कधी मिळणार? आणि गेल्या वर्षभरात ज्या मुलांचे गुण एकदम उतरले, त्यांच्यापैकी किती जणांच्या घरी कुणी जाऊन आलं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शाळेकडे नसेल, तर ते मिळेपर्यंत प्रत्येक बैठकीत तो पुन्हा विचारावा. निकालाचे टक्के शाळा आपणहून फलकावर लिहितात, हे उत्तर मात्र त्यांना मागावंच लागेल.